बंदूकबाबाची पालखी

चिंचेने माझं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं कुठल्याही माणसाने केलेलं नाही. आमटीतल्या चिंचेबद्दल माझी तक्रार नाही. बंदुकीच्या नळीतल्या चिंचेबद्दल आहे.

थांबा, सगळं सांगतो. मी भालेराव, चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. पोट त्याच्यावर भरतो. पण बासष्टच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले, तसा आमच्या कारखान्यातही निघाला. फाउंड्रीच्या मागे मातीचा उंच बांध घातला, त्याच्यापुढे निशाणाच्या चौकटी उभ्या केल्या, नारळ फुटला, भाषणं झाली, पेढे वाटले. पेढे संपल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्याकडे रायफलच नाही.

परदेशातून नवी मागवावी तर दारं बंद. मग उरल्या जुन्या: कुणा साहेबाने जाताना माळ्याला दिलेल्या, कुणाच्या वडलांनी डुकरांसाठी परवाना काढून घेतलेल्या. टूलरूमवाल्याला लोखंडातलं सगळं कळतं असा कारखान्यात एक गैरसमज असतो. त्या गैरसमजापोटी हे शोधकाम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगतो, माझ्या गळ्याला ते फार शोभलं. रविवार उजाडला की मी स्कूटर काढायचो आणि मागे इब्राहिमभाईंना बसवायचो. इब्राहिमभाई म्हणजे बंदुका दुरुस्त करायचा रीतसर परवाना असलेले मिस्त्री. चिंचवड स्टेशनाजवळ दुकान. रस्ताभर ते माझ्या स्कूटरला शिव्या देत आणि मी त्यांच्या वजनाला.

आता धंद्यातलं थोडं सांगतो. निशाणबाजीची आमची रायफल लहान तोंडाची, पॉइंट टू टू, गावाकडे म्हणतात 'बावीसची'. काडतूस भुईमुगाच्या शेंगेएवढं. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मधोमध असतो, आमच्या काडतुसात तो बुडाच्या काठात भरलेला असतो. चाप ओढला की पिन त्या काठावर आपटते. आवाज चाबकासारखा, धक्का मांजराने डोकं घासल्यासारखा. नळीच्या आत स्क्रूसारखे पिळदार आटे असतात. त्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. आटे शाबूत, तर रायफल शाबूत. आटे गेले की उरते ती फुंकणी.

आटे बघायची रीत सोपी. बंदूक रिकामी आहे हे आधी पाहायचं, मग बोल्ट, म्हणजे पिन बसवलेला मागचा सरकता दांडा, बाहेर काढायचा, अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरायचं, नखावर ऊन घ्यायचं आणि पुढच्या तोंडाला डोळा लावायचा. नखावरचा उजेड नळीत शिरतो आणि आतलं सगळं दिसतं. या एका नखापायी चाकणपासून रहाटणीपर्यंत मला लोक 'नखवाले' म्हणून ओळखायचे. बायको म्हणायची, "तेवढं एकच नख स्वच्छ असतं तुमचं."

तर रहाटणीचे एक पाटील. रायफल दाखवायला बोलावलं, चहा पाजला आणि अभिमानाने म्हणाले, "नखवाले, नळीत बगा. आरसा हाय आरसा!"

मी नख धरलं, डोळा लावला. खरंच आरसा होता. एक आटा शिल्लक नव्हता.

"पाटील, नळी साफ कशाने करता?"

"चिंच आन् राख. आमची म्हातारी आय होती तवापास्नं. देवाची भांडी घासून झाली की हिचा नंबर."

इब्राहिमभाईंनी रायफल हातात घेतली, तोंडाशी नेली आणि नळीत फुंकर मारली. मस्त सूर निघाला. "भालेराव," ते म्हणाले, "ये रायफल नहीं, बासरी है. भजनी मंडळाला द्या."

दुसरी तऱ्हा सलामीवाल्यांची. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. बंदुकीची पूजा झाली की काही घरांत सलामी असते. गोळी नाही भरायची. आजोबांपासून पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या नातवापर्यंत प्रत्येकाने एकदा चाप ओढायचा. खट्! खट्! खट्! ऐकायला गोड. पण काडतूस आत नसलं की आमच्या रायफलीची पिन थेट नळीच्या काठावर आपटते आणि तिथे खड्डा पाडते. भोसरीच्या एका घरात नळीचा काठ मूषकराजाने कुरतडल्यासारखा झाला होता. मी तसं सांगितलं, तर मालक हसून म्हणाले, "छ्या! काय बी झालेलं न्हाई. ही बगा!" आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा खट्.

अशा बासऱ्या, फुंकण्या आणि कुरतडलेल्या रायफली बघत आम्ही एक बरी मिळवली होती. तिच्यावर आमचा क्लब काही वर्षं जगला. मग तिचीही नळी झिजली. गोळ्या निशाणाऐवजी निशाणाच्या गावाला जाऊ लागल्या. कारखान्यांच्या सामन्यात आम्ही शेवटून पहिले आलो, आणि आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"भालेराव, कारखान्यात सायकली किती वाढल्यात बघितलंत?"

"होय साहेब."

"फाउंड्रीच्या मागची जागा मोक्याची आहे. यंदा चषक आणा, नाहीतर दिवाळीनंतर तिथे सायकल स्टँड."

साहेबांचं चुकत होतं असं नाही. सायकली खरंच भिंतीला टेकून पावसात गंजत होत्या. पण मला सुलभाची काळजी होती.

सुलभा म्हणजे आमची टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर स्विचबोर्डवर बसून ट्रंक कॉलसाठी ओरडणाऱ्या साहेबांना "लाइन एंगेज आहे, थांबा" असं ती ज्या थंडपणाने सांगायची, त्याच थंडपणाने ती रायफल धरायची. काळ्या वर्तुळाच्या मधला ठिपका हरभऱ्याएवढा. चांगली रायफल दिली, तर त्या हरभऱ्याची ती डाळ करायची. क्लबात बाकी आम्ही सगळे हौशी, निशाणबाज ती एकटी. सायकल स्टँड झालं असतं तर आम्ही पत्ते खेळलो असतो. तिने काय करायचं?

"भालेरावकाका," ती मला म्हणाली, "चषकाचं मी बघते. तुम्ही फक्त नळी सरळ असलेली एक रायफल आणा."

खबर दिली प्रेसशॉपमधल्या धोंडूने. तो चाकणच्या पुढच्या एका वाडीतला. "आमच्या नानांकडं हाय बावीसची. पन भालेराव, ती मिळायची न्हाई."

"का? विकणार नाहीत?"

"द्येव कुनी इकतं व्हय?"

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. रविवारी इब्राहिमभाईंना घेऊन वाडीवर गेलो. नाना म्हणजे सत्तरीचे, काटक, पांढऱ्या मिशांचे शेतकरी. कांदा आणि भुईमूग हे त्यांचं पीक. त्यांनी आम्हाला हातपाय धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि देवघरासमोर उभं केलं. खंडोबाच्या टाकाशेजारी भिंतीला टेकून एक उभं, लालभडक, मांडीएवढं जाड काहीतरी होतं. त्याला झेंडूची माळ होती.

"ही रायफल?" मी विचारलं.

"बंदूकबाबा," नाना म्हणाले.

हकिगत अशी. नानांचे वडील एका साहेबाच्या बागेवर होते. साहेब गेला, रायफल ठेवून गेला. नानांनी रीतसर परवाना आपल्या नावावर करून घेतला, कारण भुईमुगात रानडुकरं पडायची. परवाना आला तेव्हा खंडेनवमी होती, म्हणून पूजेला देवघरात ठेवली. त्या हंगामात डुकरं आली नाहीत. नानांच्या मंडळींनी, म्हणजे नानींनी, हात जोडले आणि शेंदराचं एक बोट लावलं. पुढच्या हंगामातही डुकरं नाहीत, आणखी एक बोट. असं दर खंडेनवमीला शेंदूर, तेल आणि मेण यांचा एक हात चढत गेला. गोळी एकही सुटली नाही. डुकरंही फिरकली नाहीत.

एकच जागा शेंदरावाचून होती. दस्त्याच्या पुढे बोटभर लांबीची खिडकी. "ती का सोडली, नानी?"

"नंबर हाय ना तितं," नानी म्हणाल्या. "परवाना नवा करायला जमादार येतो, त्याला नंबर दावाया लागतो. द्येवाचं द्येवाला, सरकारचं सरकारला."

मी खिडकीत डोकावलो. नंबराशेजारी ती घडवणाऱ्या विलायती कारखान्याची खूण होती. इब्राहिमभाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो हिरवा-निळा डाग आठवडाभर राहिला. अशी जुनी, उत्तम घडणीची निशाणाची रायफल आम्ही नुसती ऐकून होतो. "भालेराव," ते कानात म्हणाले, "दोनों तरफ से मोम लगा है. आत हवा नाही, पाणी नाही. चिंच तर बिलकूल नाही!"

मी नानांना सगळं सांगितलं. क्लब, चषक, सायकल स्टँड, सुलभा. बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. नानांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कौल लावू."

देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नानांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बघत बसलो. शेंदूर तेलकट, पाकळ्या पक्क्या चिकटलेल्या. चहा झाला. शेंगा झाल्या. एकही पाकळी हलेना.

"द्येव गप हाय," नाना म्हणाले.

"द्येव गप न्हाई, त्येल जास्ती झालंय," चुलीपासून नानींचा आवाज आला. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अवो, इकायचा न्हाई ना? नगा इकू. पन वर्साकाठी द्येव पालखीत बसून भाएर पडतो का न्हाई? ह्या द्येवानं कदी शीव वलांडली का? जाऊ द्या की पालखीत. पोरीचं काम करून माघारी यील."

"आन् डुकरं?" नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी भीती होती. सामन्याच्या वेळी पीक ऐन काढणीला येणार होतं.

"द्येव जत्रंला गेला म्हनून गाव सोडतो व्हय? आन् आली डुकरं, तर मी हाय!"

नानींकडे बघून मला डुकरांची दया आली.

आणि आता गंमत बघा. सरकारी नियम काय सांगतो? बंदूक जिथे जाईल तिथे परवानेवाला सोबत हवा. पालखीचा नियम काय सांगतो? देव जिथे जाईल तिथे मानकरी सोबत हवा. दोन्हीकडून नानाच!

राहिला शेंदूर. तो खरवडणं म्हणजे पाप. पण देवाला अभिषेक घालायला कुणाची ना नव्हती. खंडेनवमीच्या सकाळी नानींनी पाणी चांगलं कढत केलं आणि बंदूकबाबाला स्नान घातलं. एक तांब्या, दुसरा तांब्या. मेण मऊ झालं. मग आतून बारीक कर्रर्र आवाज आला आणि तो सगळा लाल कोष उभा चिरला जाऊन, नारळाची करवंटी सुटावी तसा सुटला. ऐटदार, काळीनिळी रायफल उन्हात उभी राहिली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" नाना ओरडले. सगळ्यात मोठ्याने ओरडले इब्राहिमभाई.

भंडारा उधळला गेला. मी बोल्ट काढला. इब्राहिमभाईंनी नळीतलं जुनं घट्ट ग्रीस हलकेच काढलं. मी नख धरलं आणि डोळा लावला. नखावर भंडारा होता, त्यामुळे नळीत शिरलेला उजेड सोन्यासारखा पिवळा. त्या उजेडात आट्यांचे पीळ, धारदार, कोरे, एकामागून एक गोल फिरत डोळ्यापर्यंत आलेले. मी डोळा काढेना.

नानींनी मला बाजूला सारलं आणि स्वतः डोळा लावला. "आगं बया!" त्या म्हणाल्या. "आत बी भंडारा उधळलाय की."

सामना पुण्याला, दिवाळी झाल्यावर. देव निघाला कांद्याच्या टेम्पोतून. मागे कांद्याची पोती, पुढे ड्रायव्हरशेजारी नाना, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला बंदूकबाबा, खिशात परवाना, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. रेंजवर पोचलो तेव्हा आमच्या रायफलीला खोबरेल, शेंदूर आणि कांदा असा तिहेरी वास येत होता. इतर कारखान्यांची माणसं नाकाला रुमाल लावून हसली. रेंजचे मुख्य अधिकारी लष्करातून निवृत्त झालेले, कडक. त्यांनी रायफल हुंगली, नानांकडे बघितलं, परवाना तपासला.

"हे कोण?"

"मालक," मी म्हणालो.

"मानकरी," नाना म्हणाले.

नानांनी नळीच्या तोंडाला भंडारा लावायला चिमूट उचलली. नळीत पूड शिरली असती तर नेम गेलाच असता. सुलभाने पटकन कपाळ पुढे केलं. "नाना, देवाला नको, मला लावा. नेम मी धरणार आहे." पिवळं कपाळ घेऊन ती सतरंजीवर पालथी झोपली.

सरावाच्या पहिल्या गोळ्या डावीकडे गेल्या. नाना मागून कुजबुजले, "द्येव डावीकडं का बगतोय, पोरी?"

"इतक्या वर्षांनी उजेडात आलेत, नाना. डोळे दिपलेत." तिने नेम धरायची मागची भोकाची चकती जराशी फिरवली. पुढची गोळी हरभऱ्यात. त्याच्या पुढची हरभऱ्यात. शेजारच्या जागेवरची माणसं रुमाल काढून बघू लागली.

आणि निम्मा सामना झाल्यावर, खट्. गोळी सुटलीच नाही.

सुलभा हलली नाही. नळी निशाणाकडेच ठेवून, नियमाप्रमाणे थांबून तिने बोल्ट उघडला आणि दुसरं काडतूस घातलं. पुन्हा खट्. पुण्यातली कार्तिकातली सकाळ, बोटं आखडणारी थंडी. इब्राहिमभाईंच्या ध्यानात आधी आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मोम! बोल्ट के अंदर मोम रह गया. थंडीत गोठलं. पिन सुस्त झाली."

इथे स्टोव्ह कुठला आणि कढत पाणी कुठलं? घड्याळ चालू होतं. सायकल स्टँडचे पत्रे मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. नाना पुढे झाले. "सायेब, एवडा तुकडा माज्याकडं द्या." अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. रायफलीपासून सुटा केलेला बोल्ट, आणि मागणारा खुद्द परवानेवाला. त्यांनी मान हलवली.

नानांनी तो लोखंडी तुकडा दोन्ही मुठींत धरला, मुठी घोंगडीत घेतल्या, घोंगडी छातीशी धरली आणि डोळे मिटून बसले. थंडीत सापडलेलं पाखरू धरावं तसं. ओठ हलत होते. मी इकडे खंडोबाला, इब्राहिमभाईंच्या अल्लाला आणि मेणाच्या वितळण्याच्या नियमाला, तिघांनाही एकदम हाका मारत होतो.

"घे पोरी," नाना म्हणाले. "ऊन झालाय."

चाबूक वाजला. हरभरा. मग दर दोन-चार गोळ्यांनी बोल्ट नानांच्या घोंगडीत जायचा आणि ऊन होऊन यायचा. शेवटची गोळी गेली तेव्हा वेळ संपत आली होती. निकाल लागला आणि आमचा कारखाना पहिला आला, तोही इतक्या थोड्या फरकाने की दुसऱ्या नंबरवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. अधिकाऱ्यांनी नानांशी हात मिळवला आणि मग आपला हात हळूच हुंगला.

मी चषकाकडे हात पुढे केला. नानांनी तो आधीच घोंगडीत गुंडाळला होता.

"नाना, चषक आमच्या साहेबांना दाखवायचाय."

"दावा की. पन जिकला कोन?"

मी सुलभाकडे बघितलं. ती हसू दाबत म्हणाली, "बरोबर आहे काका. मी फक्त नंबर जोडून दिला. बोलले ते."

चषक कांद्याच्या टेम्पोतून वाडीवर गेला. तिथे भुईमुगाच्या रानात एक शेंग हललेली नव्हती. बांधावर कोयता घेऊन बसलेल्या नानी मात्र होत्या.

मॅनेजर साहेबांना चषक बघायला वाडीवर यावं लागलं. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले, देवघरासमोर उभे राहिले. मधे खंडोबाचा टाक, एका बाजूला बंदूकबाबा आणि दुसऱ्या बाजूला चषक. नानींनी तोवर चषकाला शेंदराचं पहिलं बोट लावलं होतं. रायफलीला या खेपेला फक्त दस्त्यावर टिळा. "पालखीचा द्येव आता," नानी म्हणाल्या, "मोकळा पायजे." साहेबांनी हात जोडले, शेंगा खाल्ल्या आणि परतताना जीपमध्ये एवढंच म्हणाले, "सायकलींचं गेटाजवळ बघू."

खंत एकच आहे. रहाटणीची ती बासरी माझ्या नखाला अजून विसरता येत नाही. तिच्यातही एके काळी असेच आटे असणार. पाटलांच्या आईला कुणीतरी वेळेवर तेलाची बाटली द्यायला हवी होती.

आणि एक अडचण आहे. तो चषक फिरता होता. पुढच्या वर्षी हरलं की आयोजकांना परत द्यायचा, पुन्हा जिंकलं तर आणखी वर्षभर ठेवायचा. पुढच्या दिवाळीला आयोजकांचं बोलावणं आलं तेव्हा मी वाडीवर गेलो. चषकाचा चांदीसारखा रंग कुठे दिसत नव्हता, फक्त एक बोटभर खिडकी होती. तिच्यातून आयोजकांचं नाव वाचता येत होतं. मी नानींना म्हणालो, हरलो तर हा परत द्यावा लागेल. नानींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी शेंगा न खाताच स्कूटरला किक मारली.

सुलभाला सांगितलं. तिने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "मग काका, जिंकायलाच हवं."

तेव्हापासून ती जिंकतेच आहे. दुसरा इलाज नाही. हरलो, तर देवाकडून चषक आणायला जायचं कुणी?